ओढीचं पाणी

अमावास्येच्या उधाणाला करंज्याहून रेवसला निघालेली लाँच बघावी. तिचं नाक रेवसच्या धक्क्याकडे नसतंच. पाण्याचा रेटा हिशेबात धरून ती ओढीच्या उलट्या अंगाला तिरकी चालते आणि लागते मात्र नेमकी धक्क्याला. अंबेचं पाणी, पाताळगंगेचं पाणी आणि धरमतरच्या खाडीचा गाळ घेऊन ओहोटी समुद्राकडे धावत असते. सहा तासांनी तेच सगळं उलटं, डोंगराच्या दिशेने.

या गढूळ पाण्यात बुडी मारून काही दिसायचं नाही. प्रवाळाचे रंग पाहायचे तर मालवण गाठावं. हिंमत आणि मोठी बोट असेल तर विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँकेवर जावं. समुद्रातलं हे पठार वर येता येता वीसएक मीटर पाण्याखालीच थांबलं आहे. आडोसा कसलाच नाही, पाणी मोकाट.

अशा वाहत्या पाण्यात डायव्हर हातपाय मारत नाही, अंग सोडून देतो. ड्रिफ्ट डायव्हिंग ते हेच. उतरला तिथे परत यायचं नसतं. वरची होडीच त्याचा तरंगता बोया बघत मागोमाग येते. फ्रेंच पॉलिनेशियात फाकारावाच्या खिंडीत डायव्हर आत शिरणारं पाणी धरून उतरतात, कारण बाहेर जाणारं पाणी थेट महासागरात नेऊन सोडेल. खाली शेकडो शार्क त्याच ओढीत तोंड करून जागच्या जागी तरंगत असतात.

माणसाला या वाहण्याचं केवढं कौतुक! मला नवल वाटतं ते न वाहणाऱ्यांचं. प्रवाळाचा एकेक जीव म्हणजे मधोमध तोंड आणि त्याभोवती स्पर्शिकांचा झुबका. बूड दगडाला कायमचं चिकटलेलं. त्याला शिकारीला जाता येत नाही. पाणी वाहिलं की स्पर्शिका पसरायच्या आणि अंगावरून जाणाऱ्या सूक्ष्म जीवांतला आपला घास तेवढा धरायचा. समुद्रपंखे तर वाढतातच ओढीला आडवे, जाळीसारखे ताणून.

जाळीवरून आठवली ती आपल्या कोळ्यांची डोल. रुंद तोंडाची, शेपटाकडे निमुळती होत गेलेली ही जाळ्याची पिशवी खुंटांना बांधून पाण्याच्या वाटेत उभी करतात. ती माशामागे धावत नाही. ओढ थांबायच्या बेताला ती वर येते, शेपटाची गाठ सुटते आणि फळ्यांवर चिखलाच्या वासासकट जवळा, करंदी आणि अजून उजेड आरपार जाणारे बोंबील ओततात. एखाद्या बोंबलाच्या जबड्यात अर्धा गिळलेला जवळा असतो. तोही ओढीत तोंड उघडूनच होता.

अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो. पाण्यातला जोर जातो, डोल भरत नाही, मग ती किनाऱ्यावर पसरून तिची भोकं सांधत बसायचं. चंद्राशी घासाघीस चालत नाही. इथून जवळच न्हावा-शेव्याला 1989पासून बंदर उभं आहे. क्रेन आभाळाला टेकलेल्या, रात्रीचा दिवस झालेला. तिथे पाण्यात खोलवर बुडणारी भरलेली कंटेनर जहाजं येतात, तीही भरती धरूनच आत घेतात.