दीड व्होल्टची करामत

पेन्सिल सेलने स्पीकर तपासता येतो! भिंतीवरच्या घड्याळात घालतो ना, तोच दीड व्होल्टचा सेल. हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही? रिसिव्हरपासून स्पीकर सोडवायचा, पुढची जाळी काढायची, मागच्या लाल टर्मिनलची वायर सेलच्या अधिक टोकाला आणि काळ्याची उणे टोकाला क्षणभर टेकवायची, लगेच काढायची. ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो शंकूसारखा काळा कोन डोळ्यांदेखत पुढे सरकतो. केसभरच, पण सरकतो! मी डाव्याला सेल लावला, कोन पुढे. सेंटरला लावला, पुढे. मागच्या दोघांना लावला, तेही पुढे. मग उजव्याला लावला आणि कोन चक्क आत गेला. पुन्हा लावला, पुन्हा आत. मी फरशीवर बसल्या बसल्याच ओरडले, “अहो, इकडे या, उजवा उलटा आहे!”

“कोणाचा?” असा आतून प्रश्न आला. असो.

होम थिएटर घरी आलं दिवाळीत. पाच स्पीकर आणि सबवूफर असा सेट, आणि त्याला वेगळा घेतलेला सात चॅनेलचा रिसिव्हर. फिटिंगला आलेला मुलगा चटपटीत होता. त्याने वायरी ओढल्या, सोफ्यावर मायक्रोफोन ठेवला, रिसिव्हरने एकेका स्पीकरमधून फुर्र-फुर्र आवाज काढून मापं घेतली, आणि स्क्रीनवर उजव्या स्पीकरपुढे ‘फेज’बद्दल काहीतरी इशारा आला. मुलाने वायरी बघितल्या. लाल लालला, काळी काळीला. ओके दाबून त्याने तो इशारा घालवून टाकला. “असं दाखवतंच, मॅडम.” त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाने रिसिव्हर कधीकधी फसतो, म्हणून मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं की वायरी एकदा तपासा आणि बरोबर असतील तर इशारा सोडून द्या. पण स्पीकरच्या पोटात काय आहे, हे बाहेरची वायर बघून कसं कळणार?

आवाजात मात्र काहीतरी बिनसलं होतं. ‘सैराट’ लावला. संवाद स्वच्छ, कारण सिनेमातले संवाद बहुतेक सगळे मधल्या सेंटर स्पीकरमधून येतात. गाणं सुरू झालं की मात्र पंचाईत. अजय-अतुल यांनी या सिनेमासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जिवंत सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून संगीत रेकॉर्ड केलं होतं, आणि आमच्या हॉलमध्ये ती व्हायोलिनं कुठून वाजतायत तेच कळेना. ढोल तर पार मरतुकडा. हेल्पलाइनवर फोन केला की एकच मंत्र: “मॅम, सिस्टीम रिसेट करून बघा.”

मग एका सकाळी रियाजाला बसताना मी फोनमधलं तानपुऱ्याचं अ‍ॅप रिसिव्हरला जोडलं. हे अ‍ॅप मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांत तंतोतंत एकच आवाज. तसं असलं की तो दोघांच्या बरोबर मधून, जिथे स्पीकरच नाही अशा रिकाम्या हवेतून ऐकू यायला हवा. माझा तानपुरा मध्ये नव्हताच. डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही. दोन्ही कानांच्या बाजूला कुठेतरी तरंगत होता, मान जरा हलवली की सरकत होता, आणि खर्जाची तार तर जवळजवळ गायब! नेटवर शोधाशोध केली आणि त्या सेलपर्यंत पोहोचले.

आता गंमत ऐका. उजव्या स्पीकरच्या मागच्या दोन वायरी मी उलट लावल्या, लाल काळ्यात आणि काळी लालमध्ये, आणि तानपुरा पुन्हा सुरू केला. तो समोर येऊन बसला! टीव्हीच्या बरोबर मध्यावर, हात लावावा इतका नेमका. खर्ज भरून आला. मी वायरी परत पहिल्यासारख्या केल्या, पुन्हा उलट केल्या, पुन्हा तसं. दर वेळी तानपुरा विखरायचा आणि गोळा व्हायचा. सासूबाईसुद्धा पोथी मिटून बाहेर आल्या. “अगं, आत्ता बरा वाजतोय,” म्हणाल्या. त्यांना यातलं काहीएक माहीत नव्हतं, म्हणून तर ती दाद मला जास्त मोलाची.

कारण इतकं साधं आहे की राग येतो. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जो स्पीकर जगापुढे मांडला, त्याच्या पोटातली युक्ती आजही तीच आहे: एक लोहचुंबक, त्याच्या फटीत तांब्याची कॉईल, कॉईलला चिकटवलेला कोन. करंट एका दिशेने गेला की कोन पुढे, उलटा गेला की मागे. दोन्ही स्पीकर एकाच वेळी हवा पुढे ढकलतात तेव्हा आवाज भरतो. एक ढकलतोय आणि दुसरा त्याच क्षणी ओढतोय, तर दोघांपासून सारख्या अंतरावर बसलेल्या माणसाच्या कानाशी वजाबाकी होते. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण ३.४ मीटर लांब असते, त्यामुळे डोकं इंच-दोन इंच हललं तरी खालच्या सुरांची ही वजाबाकी सुटत नाही. ढोलाचं अंग नेमकं याच भागात असतं. ढोल का मेला होता, ते कळलं!

एक सावधगिरी इथेच सांगते. सेल टेकवायचा तो क्षणभरच, आणि तोही मोठा कोन असलेल्या स्पीकरलाच. डब्यातल्या, वरचे सूर वाजवणाऱ्या ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे सेलचा करंट तिथवर जात नाही. पण सुटा ट्वीटर नाजूक, त्याला सेल लावू नये. सबवूफरमध्ये स्वतःचा अँप्लिफायर असतो, तिथे तर हा प्रयोग नाहीच. आणि कोन पुढेच गेला पाहिजे हा काही देवाचा नियम नाही. जेबीएल कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे डब्याच्या आतल्या मूळ स्पीकरमध्ये, लालला अधिक जोडलं की कोन आत जायचा, ती त्यांची रीतच होती. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिशेने जावं, एवढंच मागणं.

वायरी उलट लावून घरी काम भागलं होतं, पण मला आत बघायचं होतं! म्हणून स्पीकर पिशवीत घालून पासोड्या विठोबाच्या बाजूला, पुण्याच्या बुधवार पेठेत, एका जुन्या रिपेअरवाल्या काकांकडे गेले. वॉरंटीचं काय होईल, असं घरातून विचारलं गेलं. मी ऐकलं नाही. काकांनी स्क्रू काढले, ड्रायव्हर अलगद बाहेर ओढला आणि आत टॉर्च मारला. टर्मिनलच्या लाल खुणेला काळी वायर, काळ्याला लाल. सोल्डर सुबक, चकचकीत, आणि उलटा. “ताई, हात चांगलाय हो पोराचा,” काका म्हणाले, “फक्त लक्ष नव्हतं.” मग त्यांनी एक जुना ऑसिलेटर जोडून खालपासून वरपर्यंत सूर चढवत नेला. एका ठिकाणी बारीकशी खरखर आली. काकांनी कोनावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून हलकेच दाबलं. “कॉईल घासत नाहीये. स्क्रू सैल आहे.” आवळला, खरखर गेली. हे सगळं ते बोलता बोलता करत होते आणि मी काउंटरवर कोपरं टेकवून बघत होते.

चांगल्या कारखान्यात हीच तपासणी लाइनच्या शेवटी होते. खालून वर सरकणारा सूर काही सेकंदांत वाजवतात, समोरचा मायक्रोफोन ऐकतो, आणि पातळी, खरखर, डब्यातून सुटणारी हवा, कोनाची दिशा असं सगळं एका दमात तपासलं जातं. घासण्याच्या आणि खरखरीच्या या तपासणीला त्या धंद्यात ‘रब अँड बझ’ म्हणतात. जर्मनीत ड्रेस्डेनला क्लिपेल नावाची कंपनी आहे, ती स्पीकर मोजायच्या यंत्रांसाठीच ओळखली जाते. म्हणजे उलटी जोडलेली वायर हा यंत्राने पकडायला सगळ्यांत सोपा दोष! आमच्या सेटच्या कंपनीने ती पायरी गाळली, की पेटीवर ‘क्यूसी पास’चा स्टिकर आधीच चिकटवून ठेवला होता, देव जाणे. स्टिकर मात्र सरळ लावला होता.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण चटक लागली.

आमचा हॉल १४ बाय ११ फुटांचा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या खोलीचा आपला सूर निघतो. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, उत्तर आलं ४० हर्ट्झ. ११ फुटांचं निघालं ५१. बाथरूममध्ये गाताना एखादा सूर आपोआप घुमतो ना, तसंच हॉलचंही असतं, फक्त सूर इतका खालचा की तो छातीत जाणवतो. आणि या ४० हर्ट्झची खोड अशी की भिंतींपाशी तो दणदणतो आणि लांबीच्या बरोबर मध्यावर नाहीसा होतो. आमचा सोफा कुठे? बरोबर मध्यावर, कारण मागे डायनिंग टेबल! सबवूफरचं बटण कितीही पिळा, बसलेल्याला काही नाही आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना सगळं.

टेबल भिंतीला लावलं, सोफा दीड फूट मागे घेतला. मग तो सुप्रसिद्ध रांगण्याचा प्रयोग. सबवूफर चक्क सोफ्यावर ठेवायचा, आपल्या बसायच्या जागी, खालच्या सुरांचं गाणं लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत कान जमिनीलगत ठेवून ऐकत जायचं. जिथे बेस सगळ्यांत सारखा, न घुमता ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्या जागा बदलल्या तरी खोलीचा हिशेब तोच राहतो, म्हणून हे जमतं. मी गुडघ्यांवर शोकेसपासून खिडकीपर्यंत गेले. सासूबाई म्हणाल्या, “काय हरवलं गं? कानातलं?” टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात नुसता घों-घों होता. खिडकीखाली, बाजूच्या भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर, तबल्याचा बायाँ एकदम मोकळा वाजला. तिथेच सबवूफर ठेवला. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं ठरवता येत नाही, त्यामुळे तो टीव्हीपासून लांब असला तरी बिघडत नाही.

सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला होता. कडेपर्यंत पुढे ओढला, पुढून जरा उचलला, आणि माणसं पिंपात बोलायची थांबली. आरशाचाही एक प्रयोग आहे: सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, आणि जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट हवं, कारण आवाज तिथूनच आपटून कानावर येतो. आमच्या चकचकीत टाइल्सवर सतरंजी आली. आरसा धरायला ह्यांना उभं केलं होतं. त्यांनी तेवढ्यात केस नीट केले.

सगळं जमल्यावर पुन्हा ‘सैराट’. ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट माहीत आहे. तिथे पार्श्वसंगीत नाही, आवाजच काढून घेतलेला. आणि त्या निःशब्द जागेत आमच्या सबवूफरमधून हूं... हूं... विजेचा ५० हर्ट्झ! आतापर्यंत गाण्यांखाली दबून होता. याचंही मूळ सापडलं: सेट टॉप बॉक्सची केबल. केबलवाल्याची अर्थिंग एक, घराची दुसरी, आणि दोन्हींच्या मधल्या तारेतून नको तो करंट फिरतो. केबल उपटली की गुणगुण बंद, लावली की चालू. त्यासाठी आयसोलेटर नावाचा छोटा डबा मिळतो, तो लावला. काही लोक प्लगची तिसरी पिन काढून टाकतात, त्यानेही गुणगुण जाते. पण ती पिन आपला जीव वाचवण्यासाठी असते, तिला हात लावू नका.

हे सगळं करताना एक वाचलेलं राहून राहून आठवत होतं. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत वर्षानुवर्षं स्पीकर मोजणारे फ्लॉइड टूल पुढे हर्मन कंपनीत गेले आणि १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत त्यांनी एक प्रयोग मांडला. तेच ऐकणारे, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले; पडद्याआड बरे गुण मिळवणारा छोटा, स्वस्त सेट समोर येताच खाली घसरला. शोरूममध्ये आम्हीसुद्धा लाकडी फिनिशवरच बोट ठेवलं होतं.

दरम्यान कंपनीला जाग आली. तक्रारीवर तक्रार केली होती, त्यांनी काही न विचारता नवा उजवा स्पीकर पाठवला आणि जुना परत न्यायला कुणी आलंच नाही. आता घरात एक स्पीकर जादा. ह्यांचं म्हणणं, माळ्यावर टाकू, ७.१ साठी, म्हणजे सात स्पीकर आणि सबवूफरसाठी, आणखी दोन लागतात, एकाचं काय करणार? पण मी मॅन्युअल वाचलंय! ६.१ नावाचाही प्रकार आहे, सोफ्याच्या बरोबर मागे एकच स्पीकर. डॉल्बीने तो १९९९ साली ‘स्टार वॉर्स’च्या ‘द फँटम मेनेस’साठी थिएटरांत आणला होता, आणि आमचा रिसिव्हर मागे एकच स्पीकर लावूनही चालतो. पान ४१. फक्त डायनिंग टेबल आता आणखी कुठे सरकवायचं, यावर घरात बोलणी चालू आहेत.