वैनगंगेच्या वरच्या अंगाला

पवनीकडच्या माणसाला तुमसर म्हणजे पार उत्तर. वैनगंगा तिकडून खाली येते, आम्ही उलटे वर जातो. भंडारा, वरठी, मोहाडी. मोहाडीला चौंडेश्वरीला एसटीतूनच हात जोडायचे आणि पुढे कापणी झालेल्या बांध्या बघत बसायचं. थंडीच्या सुरुवातीला त्यांना एक ओलसर, गोडूस वास असतो.

आमच्या पवनीत तट आहे, मातीखाली स्तूप आहेत; गाव जुन्या दिवसांच्या सावलीत बसून असतं. तुमसरला असलं काही नाही. आंबागडचा किल्ला त्याच तालुक्यात आहे म्हणा, पण बाजारातल्या माणसाला त्याच्याकडे मान वळवायला सवड कुठली! दिवाळीनंतर बाजार समितीत धान उतरू लागलं की बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर यांची एकच दाटी होते. हमालांच्या अंगावर कोंड्याची पिवळट साय चढलेली. काट्यावर कट्टा चढतो, उतरतो. कोणी मूठभर दाणे तळहातावर चोळून फुंकतो आणि त्या फुंकरीवरच भाव ठरतो. भाव हिंदीत फुटतो, घासाघीस झाडीबोलीत चालते, आणि सौदा पटला की दोघे भाऊ आपसात पोवारीत बोलू लागतात. मला हे ऐकत उभं राहायला फार आवडतं. धान घ्यायचं नसतानाही मी भाव विचारतो.

या गावाला जाग आणली ती धानानं आणि मँगनीजनं. मुंबई-हावडा लोहमार्गावरचं तुमसर रोड स्टेशन खरं तर देव्हाडीला. तिथून एक फाटा तुमसर गावावरून तिरोडीकडे, मध्य प्रदेशात जातो. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी याच पट्ट्यात. मँगनीजचा दगड काळा, हातात घेतला की दिसण्यापेक्षा जड. पोलादाला बळकटी देतो तो हाच. १८९६ साली इंग्रजांनी या धंद्यासाठी काढलेल्या कंपनीची १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया झाली. धुळीचा रंग मात्र तोच राहिला असावा.

१९५६ पर्यंत हा सगळा भंडारा जिल्हाच मध्य प्रदेशात होता. तिथून वेगळं झाल्याचं तुमसरला अजून पुरतं पटलेलं दिसत नाही. बालाघाटचे लोक इथं लग्नाचा बस्ता बांधायला येतात, इथले तिकडे मुली देतात. सीमा फक्त पाटीवर. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्याचं उत्तरेचं दार तेवढं हेच.

तुमसर देखणं नाही. रस्त्यावर चालायला जागा नसते, गटारं उघडी, हॉर्न तर अखंड. तरी तर्रीपोह्यांच्या गाडीपाशी उभं राहून हे सगळं बघताना पवनीची शांतता मला थोडी आळशी वाटते. भंडारा जिल्हा पाहायला येणारे बहुतेक तळी आणि जंगलं पाहून परततात. त्यांनी एक सकाळ तुमसरच्या धान बाजारासाठी ठेवावी, आणि ती दिवाळीनंतरचीच ठेवावी.