चंद्रप्रवासी लिफाफे

अंतराळवीराच्या आयुष्याचा हिशेब मांडू गेले असता जी विषमता प्रथम डोळ्यांत भरते ती ही की, ज्या कर्मामुळे जग त्याला ओळखते ते बहुधा आठ-बारा दिवसांत आटोपलेले असते, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याला त्या थोडक्या दिवसांचा साक्षीदार, भाष्यकार आणि विश्वस्त म्हणून काढावी लागतात. १९६८ ते १९७२ या अवधीत जे चोवीस जण चंद्रापर्यंत जाऊन आले, त्यांपैकी अवघ्या तिघांना ती यात्रा दोनदा घडली. बाकीच्यांना पुन्हा त्या वाटेला जाण्याचा योग नव्हता. त्यांचे उत्तरायुष्य व्याख्यानांत, व्यवसायात, क्वचित धर्मकार्यात किंवा राजकारणात गेले, आणि या सर्वांच्या जोडीला एक काम मरेपर्यंत त्यांच्या मागे राहिले : अपरिचित माणसांनी पुढे केलेल्या छायाचित्रांवर, पुस्तकांवर आणि लिफाफ्यांवर आपले नाव लिहून देणे.

हे काम क्षुल्लक आहे असे मला कधीच वाटले नाही. चंद्रावरून आणलेली शिळा ही सरकारी दौलत. यान वस्तुसंग्रहालयात, पोशाख काचेआड. तेव्हा त्या अद्भुत कालखंडावर ज्याचे मनापासून प्रेम आहे अशा सामान्य माणसाच्या हाती जी एकच वस्तू येऊ शकते ती म्हणजे, ज्या हाताने चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाची कळ दाबली त्याच हाताने काढलेली शाईची एक रेघ. हे आकर्षण मला समजते आणि पटतेही. मात्र त्या रेघेचे मोल ती कोणत्या हेतूने काढली गेली यावर अवलंबून असते, असे माझे मत आहे, आणि ते बनण्यास एका माणसाची कारकीर्द कारण झाली आहे. त्या माणसाचे नाव आल्फ्रेड वर्डन.

वर्डन यांचा जन्म १९३२ चा, मिशिगन प्रांतातील जॅक्सन गावचा. बालपण शेतीच्या कामात गेले. पुढे वेस्ट पॉइंटचे लष्करी शिक्षण, वायुदलातील वैमानिकी, विमानांची परीक्षा घेण्याचे जोखमीचे काम, आणि १९६६ साली अंतराळवीरांच्या तुकडीत निवड. २६ जुलै १९७१ रोजी अपोलो १५ निघाले तेव्हा डेव्हिड स्कॉट हे त्याचे नायक होते. चार दिवसांनी स्कॉट आणि जेम्स अर्विन हे हॅडली-अपेनाइनच्या पर्वतपायथ्याशी उतरले, आणि वर्डन सुमारे तीन दिवस ‘एंडेव्हर’ नावाच्या मातृयानात एकटे चंद्राला प्रदक्षिणा घालीत राहिले. यान चंद्राच्या पलीकडल्या बाजूस गेले की पृथ्वीशी बोलणे तुटे, आणि खाली उतरलेले दोघे सोबती जवळजवळ ३,६०० किलोमीटर दूर पडत. कोणताही माणूस इतर माणसांपासून इतका दूर त्यापूर्वी गेलेला नव्हता. या एकांताचे त्यांना भय वाटले नाही. उलट तो आपल्याला रुचला, असे ते पुढे आवर्जून सांगत.

त्यांनी तेथे केलेले काम मला पायाच्या ठशांइतकेच महत्त्वाचे वाटते. फारूक अल-बाझ या मिसर देशात जन्मलेल्या भूवैज्ञानिकाने चंद्राकडे कसे पाहावे हे त्यांना शिकविले होते. दोघांनी मिळून आणखी एक गोष्ट योजून ठेवली होती : यान चंद्रामागून बाहेर आले की वर्डन यांनी साऱ्या पृथ्वीला वेगवेगळ्या भाषांतून नमस्कार करावा, आणि तो त्यांनी केला. यानाच्या कुशीत बसविलेले कॅमेरे खालच्या भूमीची सूक्ष्म चित्रे घेत असताना ते स्वतः खिडकीतून निरीक्षण करीत होते, आणि टॉरस-लिट्रो या प्रदेशात त्यांना ज्वालामुखीच्या राखेच्या टेकड्यांसारखे काळसर उंचवटे दिसले. अपोलो १७ ने नेमके तेथेच उतरावे असे ठरले, त्याला जी कारणे झाली त्यांत ही नोंद होती. परतीच्या वाटेवर, ५ ऑगस्टला, पृथ्वी ३ लक्ष किलोमीटरांहून अधिक दूर असताना, ते यानाबाहेर पडले आणि बाहेरच्या कप्प्यातील चित्रफितींची रिळे काढून आत घेऊन आले. पृथ्वी आणि चंद्र यांच्या मधल्या अवकाशात कोणी माणूस यानाबाहेर पडल्याचा तो पहिलाच प्रसंग. तो अडतीस-एक मिनिटे चालला. दारात उभे असलेले अर्विन आणि त्यांच्यामागे भरलेला प्रचंड चंद्र हे दृश्य त्यांनी पाहिले. पण त्या वेळी हाती कॅमेरा नव्हता, म्हणून ते पाहणाऱ्याच्या स्मरणातच राहिले.

त्याच यानात, स्कॉट यांच्या पोशाखाच्या खिशात, काही टपाली लिफाफे होते. अंतराळवीराने बरोबर न्यावयाच्या खासगी वस्तूंची यादी आधी वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यावी असा दंडक होता. हे लिफाफे त्या यादीत नव्हते. जर्मनीतील हेर्मान सीगर या तिकिटांच्या व्यापाऱ्याशी मध्यस्थामार्फत करार झालेला होता : शंभर लिफाफे त्याने घ्यावेत आणि तिघांना प्रत्येकी सुमारे ७,००० डॉलर द्यावेत, पैसा मुलाबाळांच्या तरतुदीसाठी ठेवावा. एकूण ३९८ लिफाफे चंद्रभूमीपर्यंत जाऊन आले. त्यांच्या एका प्रतीचे छायाचित्र मी पुष्कळ वेळा न्याहाळले आहे. साधा हलका कागद, त्यावर अपोलो १५ चे चिन्ह, म्हणजे चंद्रभूमीवरून झेपावणारे तीन पक्षी, प्रक्षेपणाच्या दिवसाची मोहर, परतल्यावर ज्या नौकेने त्यांना समुद्रातून उचलले त्या ‘ओकिनावा’वरील ७ ऑगस्टची मोहर, आणि तिघांच्या सह्या. या सह्या हवाईहून ह्यूस्टनकडे जाणाऱ्या विमानात झाल्या. बारा दिवसांची अभूतपूर्व यात्रा करून आलेली तीन माणसे विमानात बसून एकापाठोपाठ एक शेकडो लिफाफ्यांवर आपापले नाव लिहीत आहेत, हे चित्र मनापुढे आणले की मला वाईट वाटते. त्या शाईत लबाडी होती असे मी म्हणणार नाही, कारण लिफाफे खरोखरच चंद्रावर गेले होते आणि सह्याही खऱ्या होत्या. दोष होता तो लपविण्याचा.

पुढचा क्रम भराभर घडला. अपोलोच्या मोहिमा संपेपर्यंत विक्री करू नये असा समज असताना व्यापाऱ्याने १९७१ च्या अखेरीसच प्रत्येकी ४,८५० मार्क दराने माल विकण्यास काढला, बोभाटा झाला, तिघांनी पैसे घेण्याचे नाकारले, पण तोवर उशीर झालेला होता. चौकशी झाली, उरलेले लिफाफे जप्त झाले, जुलै १९७२ मध्ये तिघांनाही अधिकृत ठपका मिळाला, आणि सिनेटच्या समितीपुढे बंद दाराआड जबान्या झाल्या. ज्या काँग्रेसने सप्टेंबर १९७१ मध्ये त्यांना दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीपुढे बोलण्याचा मान दिला होता, तिच्याच एका समितीपुढे वर्ष पुरे होण्याच्या आत त्यांना खाली मान घालून बसावे लागले. अपोलो १७ साठी राखीव म्हणून त्यांची जी नेमणूक झालेली होती ती काढून दुसऱ्यांना देण्यात आली. टॉरस-लिट्रोचे ते काळे उंचवटे ज्यांनी प्रथम टिपले त्या वर्डन यांना डिसेंबर १९७२ मध्ये ती मोहीम तेथे उतरताना दुरून पाहावी लागली.

शिस्तीचा भंग झाला होता, तेव्हा शिक्षा न्याय्य होती, याविषयी मला शंका नाही. परंतु माणसाने आपल्या नावाचा विनियोग कुटुंबासाठी करणे हे अधम कृत्य आहे काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मला अपोलो ११ च्या लिफाफ्यांची आठवण होते. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना त्यांच्या पगारात परवडेल असा मोठ्या रकमेचा आयुर्विमा मिळणे दुरापास्त होते. म्हणून प्रक्षेपणापूर्वी संसर्ग टाळण्यासाठी त्यांना अलग ठेवले होते त्या दिवसांत त्यांनी शेकडो लिफाफ्यांवर सह्या करून ठेवल्या. विश्वासातल्या माणसाने १६ जुलैला, आणि पुढे चंद्रावर उतरण्याच्या दिवशी, टपाल कचेरीत जाऊन त्यांवर तारखेचे शिक्के मारून घ्यावेत, आणि ते गठ्ठे घरच्या मंडळींकडे सुपूर्द करावेत, अशी व्यवस्था होती. आपण परत आलो नाही तर पत्नीने ते विकावेत आणि मुलांचे शिक्षण करावे, एवढाच त्या सह्यांचा अर्थ. अपोलो १६ पर्यंतच्या तुकड्यांनी हा परिपाठ चालविला. हे लिफाफे चंद्रावर गेले नाहीत. ते घरातल्या कपाटात पडून राहिले. तरीही मला निवड करावयास सांगितली तर मी चंद्रावर जाऊन आलेल्या लिफाफ्यापेक्षा कपाटातला लिफाफा अधिक आदराने हाती घेईन, कारण ज्याने त्यावर नाव लिहिले त्याने आपल्या मरणाची शक्यता शांतपणे हिशेबात धरून ते लिहिले होते.

सह्यांच्या बाजारात वावरणाऱ्यांना या शाईचे सगळे बारकावे ठाऊक असतात. शेकडो पत्रांना उत्तरे देणे अशक्य झाले तेव्हा कचेरीतून यंत्राने उमटविलेल्या सह्या जात असत; दोन प्रती एकावर एक ठेवल्या आणि रेघ न् रेघ जुळली की जाणता संग्राहक ती यंत्राची करणी ओळखतो, कारण माणसाचा हात स्वतःची हुबेहूब नक्कल कधी करीत नाही. आर्मस्ट्राँग यांनी पुष्कळ वर्षे मागेल त्याला सही दिली. पण आपल्या सह्या विकल्या जातात आणि त्यांच्या बनावट प्रतीही निघतात हे दिसून आल्यावर १९९४ पासून त्यांनी हात आखडता घेतला, आणि तेव्हापासून त्यांच्या जुन्या सह्यांचे भाव चढतच गेले. त्यांतही एक भेद आहे. शुभ्र अंतराळपोशाखातले ते सुपरिचित छायाचित्र, त्यावर कोणा मुलाचे नाव घालून खाली शुभेच्छा लिहिलेल्या असतील तर त्याला भाव कमी. कोणाचेच नाव नसेल, नुसती सही असेल, तर भाव पुष्कळच अधिक. बाजाराच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. परक्याच्या नावाची वस्तू आपल्या भिंतीवर कोण लावील? परंतु चंद्रावर पाऊल ठेवून आलेल्या माणसाने पत्र वाचले, लिहिणाऱ्या मुलाचे नाव लक्षात घेतले आणि ते आपल्या हाताने लिहिले, याचा एकमेव पुरावा म्हणजे ते नाव. ज्या अक्षरांमुळे किंमत उतरते तीच अक्षरे मला त्या कागदाचा प्राण वाटतात.

वर्डन यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध याच दृष्टीने मला मोलाचा वाटतो. चंद्रप्रवासावरचा त्यांचा कवितासंग्रह १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात काही काळ काम करून त्यांनी १९७५ साली सरकारी चाकरी सोडली. १९८२ मध्ये फ्लॉरिडातून काँग्रेसच्या उमेदवारीसाठी केलेला प्रयत्न फसला. पुढच्या वर्षी त्यांनी जप्त लिफाफ्यांसाठी सरकारवर फिर्याद लावली. त्या साली टपाल खाते आणि अंतराळसंस्था यांनी मिळून चॅलेंजर यानातून अडीच लाखांहून अधिक लिफाफे विक्रीसाठी अवकाशात नेले होते, म्हणजे सरकार स्वतःच तसला व्यवहार करीत होते; खटला तडजोडीने मिटला आणि लिफाफे मूळ मालकांना परत मिळाले.

पण त्यांच्या नावाला खरी प्रतिष्ठा दुसऱ्या कामाने मिळवून दिली. मर्क्युरी मोहिमेतील हयात सहा अंतराळवीर, सातवे दिवंगत गस ग्रिसम यांच्या पत्नी बेटी, एक वैद्य आणि एक व्यावसायिक यांनी १९८४ मध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या गुणी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी स्थापन केला. आज तो अंतराळवीर शिष्यवृत्ती प्रतिष्ठान या अर्थाच्या नावाने चालतो. या निधीत भर घालण्याचा एक मार्ग म्हणजे सह्यांचे मेळावे आणि स्वाक्षरी केलेल्या वस्तूंचे लिलाव. वर्डन या संस्थेचे काही वर्षे अध्यक्ष होते. ज्या सहीने एकेकाळी त्यांचे स्थान गेले, तीच सही ते उघड्यावर, मेजामागे बसून, सर्वांसमक्ष करीत, आणि तिच्यातून अपरिचित मुलांचे शिक्षण होई. १९७१ च्या विमानातली शाई आणि या मेजावरची शाई यांत द्रव्य एकच; मधे फरक पडला तो उघडपणाचा आणि हेतूचा. २०११ मध्ये ‘फॉलिंग टू अर्थ’ हे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी लिफाफ्यांचे प्रकरण टाळले नाही, विस्ताराने सांगितले. १८ मार्च २०२० रोजी ते वारले.

सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत एक कायदा होऊन त्या पिढीच्या अंतराळवीरांनी आठवण म्हणून जवळ ठेवलेल्या वस्तूंवरची त्यांची मालकी निर्विवाद ठरली. चंद्रशिळा मात्र त्यातून वगळल्या. तेव्हापासून यानातील टिपणवह्या, पट्ट्या, घड्याळे मोकळेपणाने लिलावात येतात आणि फार मोठ्या रकमांना जातात. स्कॉट यांनी चंद्रावर वापरलेले घड्याळ २०१५ मध्ये १६ लक्ष डॉलरांपलीकडे गेले. या किमतींची मला खंत नाही. खंत आहे ती वस्तूबरोबर तिची हकीकत न जाण्याची. म्हणून ज्यांच्या घरी अशी एखादी सही असेल त्यांना माझी विनंती आहे : ती कोणी, कोणाला, कोठे आणि कोणत्या निमित्ताने दिली हे वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून त्या सहीबरोबर ठेवावे, आणि तिच्यावर एखाद्या मुलाचे नाव असेल, तर भाव कितीही उतरो, ते खोडू नये.