एका तारखेची भावंडं

आमच्या घरी केक फार उशिरा आला. औक्षण आधीपासून होतं. पाटावर बसायचं, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता. मग आई सुपारी आणि सोन्याची अंगठी चेहऱ्याभोवती फिरवायची आणि शेवटी तबकातल्या निरांजनाची ऊब गालांना लागून जायची. ओवाळताना ती काही बोलत नसे, पण तिचे ओठ हलत असत. औक्षण म्हणजे आयुष्य मागणं, हे पुढे कळलं. ती किती मागत होती, ते तिने कधी सांगितलं नाही.

२४ एप्रिल उजाडला की मला ते निरांजन आठवतं. माझा वाढदिवस त्या दिवशी नसतो, सचिन तेंडुलकरचा असतो. आणि आपल्याकडे ती तारीख घरच्या मुलाच्या वाढदिवसासारखी लक्षात राहते. १९७३ साली दादरच्या एका प्रसूतिगृहात तो जन्मला. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. संगीतकार सचिनदेव बर्मन त्यांच्या आवडीचे, म्हणून मुलाचं नाव सचिन.

१९९८ चा तो २४ एप्रिल मला अजून जसाच्या तसा दिसतो. दारं-खिडक्या सताड उघड्या, पंखा गरम हवाच फिरवतोय, आणि शेजारच्या काकांच्या टीव्हीसमोर अर्धी चाळ बसलेली. शारजाला ऑस्ट्रेलियाविरुद्ध अंतिम सामना होता. दोनच दिवसांपूर्वी वाळूचं वादळ अंगावर घेऊन सचिनने १४३ धावा काढल्या होत्या आणि सामना हरूनही भारताला अंतिम फेरीत नेलं होतं. आता २७३ धावा हव्या होत्या. आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी त्याने १३१ चेंडूंत १३४ केल्या आणि भारताने चषक उचलला. काकूंनी त्या रात्री खरोखरच टीव्हीसमोर निरांजन ओवाळलं. कुणी हसलं नाही. प्रत्येकाला ते बरोबरच वाटलं.

त्या रात्रीची एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी समजली. ऑस्ट्रेलियाच्या संघात डेमियन फ्लेमिंग नावाचा जलदगती गोलंदाज होता. दोन दिवसांपूर्वीच्या सामन्यात १४३ वर सचिनला गिलख्रिस्टकरवी झेलबाद करणारा तोच. त्याचा जन्म १९७० चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला, आणि तारीख २४ एप्रिल. म्हणजे त्या रात्री मैदानावर दोघांचा वाढदिवस होता. एकासाठी सगळा देश जागा होता. दुसरा आपला अठ्ठाविसावा वाढदिवस हरलेल्या संघाच्या खोलीत घालवून झोपायला गेला असेल. हे वाचलं तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं. काकूंच्या तबकात दोघांसाठी उजेड होता की!

तेव्हापासून ही तारीख मी वेगळ्या नजरेने बघतो. त्या दिवशी जन्मलेले खेळाडू भेटत गेले. वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या खेळांचे. बघता बघता मनात त्यांचं एक घरच तयार झालं.

त्या घरातला आणखी एक भाऊ आपल्या शेजारचा. श्रीलंकेचा कुमार धर्मसेना, जन्म २४ एप्रिल १९७१. १९९६ च्या विश्वचषकाचा मार्च महिना आठवून पाहा. १३ मार्चला ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना. सचिन ६५ वर यष्टिचीत झाला आणि भारताचा डाव कोसळला. त्याच पडझडीत धर्मसेनाने आपल्याच गोलंदाजीवर अझरुद्दीनचा झेल घेऊन त्याला शून्यावर परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मोहालीत दुसरा उपांत्य सामना. वेस्ट इंडीजला शेवटच्या षटकात १० धावा हव्या होत्या आणि चेंडू फ्लेमिंगच्या हातात होता. त्याने वॉल्शचा त्रिफळा उडवला. १७ मार्चला लाहोरच्या अंतिम सामन्यात फ्लेमिंग एका बाजूला, धर्मसेना दुसऱ्या बाजूला, आणि चषक श्रीलंकेने नेला. पाच दिवसांत एका तारखेची तीन भावंडं एकमेकांना अशी आलटून पालटून भेटली. त्यांच्यापैकी कुणाच्या हे ध्यानात तरी आलं असेल का?

धर्मसेना पुढे पंच झाला. २०१५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो उभा राहिला, तेव्हा अंतिम सामना खेळलेला आणि त्यात पंचगिरीही केलेला तो पहिला माणूस ठरला. २०१९ ला लॉर्ड्सवर तो पुन्हा उभा होता. धाव घेताना स्टोक्सने सूर मारला, फेकलेला चेंडू त्याच्या बॅटला लागून सीमारेषेपार गेला, आणि धर्मसेनाने सहा बोटं वर केली. पाच हव्या होत्या. पुढे त्याने ती चूक उघडपणे मान्य केली. विश्वचषकाचा निकाल ज्या धावेवर हलला असता, त्या धावेबद्दल आपण चुकलो असं जगाला सांगणं सोपं नसतं. मला त्याच्या १९९६ च्या पदकाइतकाच हा कबुलीजबाब मोलाचा वाटतो.

एका तारखेला जन्मणं यात खरं तर नवल काहीच नाही. गणित सांगतं की कुठलीही २३ माणसं एकत्र आली, तर त्यांतल्या किमान दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. फुटबॉलच्या मैदानावर २२ खेळाडू आणि एक रेफरी मिळून २३ जण होतात. म्हणजे जगात कुठेही सामना सुरू असला, तर निम्म्याअधिक वेळा त्या गवतावर एक तरी जोडी अशी असते, आणि बहुधा तिचं तिलाच माहीत नसतं. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण करणारे ११, दोन फलंदाज आणि दोन पंच धरले तर १५ होतात, आणि शक्यता चारांत एक एवढी उरते. आपल्या पंचांगाला तर हे नातंच मान्य नाही. तिथे वाढदिवस तिथीने. तिथी इंग्रजी तारखेला बांधलेली नसते, ती दरवर्षी पुढेमागे सरकते. तिथीने ओवाळायला बसलं तर माझी ही सगळी भावंडं चैत्र-वैशाखाच्या पानांवर विखरून जातील. कॅलेंडरच्या एका चौकोनापुरतंच हे नातं. तरीही त्या चौकोनाशी मी थांबतो, कारण तारीख एक असली की माणसं शेजारी बसवून पाहता येतात.

याच चौकोनात दोघे असे आहेत, ज्यांची तारीख एक आणि सालही एक. २४ एप्रिल १९८७. कॅनडात मॉन्ट्रियलला क्रिस लेटँग जन्मला आणि बेल्जियममध्ये सिंट-निक्लास या गावी यान व्हेर्टोंगेन. पहिला बर्फावरच्या हॉकीत बचाव करतो, दुसऱ्याने फुटबॉलमध्ये बचाव केला. गोल करणाऱ्यांची नावं घरोघर होतात, अडवणाऱ्यांची कमी. पण लेटँगच्या वाट्याला जन्मासोबतच एक गोष्ट आली होती. त्याच्या हृदयाच्या पडद्याला एक बारीक छिद्र होतं. जन्माआधी ते प्रत्येक बाळाला असतं आणि बहुतेकांचं जन्मानंतर बुजतं. त्याचं बुजलं नाही. २०१४ च्या जानेवारीत, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला. दोन-अडीच महिन्यांत तो परत बर्फावर उतरला. २०१६ ला स्टॅनले चषकाच्या अंतिम मालिकेत पिट्सबर्गला विजय देणारा गोल त्याच्याच काठीतून निघाला. २०२२ ला दुसरा झटका आला आणि तो पुन्हा परतला.

व्हेर्टोंगेनला बेल्जियमने १५७ वेळा देशाचा शर्ट घालायला दिला. त्या देशासाठी इतके सामने दुसरं कुणी खेळलेलं नाही. २०१८ च्या विश्वचषकात जपानविरुद्ध बेल्जियम दोन गोलांनी मागे होतं. तेव्हा त्याने बऱ्याच दुरून डोक्याने उंच चेंडू मारला. तो कमान घेत गोलरक्षकावरून आत पडला आणि हरत आलेला सामना बेल्जियमने ३-२ असा जिंकला. पुढल्या वर्षी, बत्तिसाव्या वाढदिवसानंतर सहा दिवसांनी, टॉटनहॅमकडून खेळताना त्याच डोक्याला मार लागला. समोर होता आयाक्स, त्याचा जुना क्लब. चेंडूसाठी उडी मारताना टक्कर झाली, नाकातून रक्त आलं, तो परत मैदानात आला आणि काही मिनिटांत दोघांच्या आधाराने बाहेर गेला. नंतरचे नऊ महिने चक्कर आणि डोकेदुखी त्याने सोसली आणि त्या वेळी कुणाला फारसं सांगितलं नाही. एकाच दिवशी जन्मलेले दोघे, दोन खंडांवरचे, आणि दोघांच्याही कसोटीची जागा डोकंच निघावी! याला मी ग्रहयोग म्हणणार नाही. अडवणाऱ्याच्या अंगावर आघात येतातच. ते पचवून उभं कसं राहायचं, हे मात्र दोघांनी आपापलं शोधलं.

अमेरिकेत फ्लोरिडात १९७२ च्या २४ एप्रिलला लॅरी वेन जोन्स जन्मला. बाप तसा बेटा, म्हणून घरच्यांनी त्याला चिपर म्हणायला सुरुवात केली आणि जगानेही तेच नाव उचललं. बेसबॉलमध्ये उजव्या आणि डाव्या दोन्ही हातांनी फटके मारायचं वडिलांनीच त्याला शिकवलं. आपल्या आचरेकर सरांनी स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून सचिनला बाद न होता खेळत राहायला शिकवलं, तशीच ही गोष्ट. कुणीतरी मोठ्या माणसाने एका पोरासाठी आपल्या संध्याकाळी खर्च केल्या. चिपर १९ मोसम एकाच संघासाठी, अटलांटा ब्रेव्ह्जसाठी, खेळला. ४६८ होम रन मारले, १९९९ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि २०१२ च्या ऑक्टोबरमधल्या शेवटच्या सामन्यात त्याच्या हातून एक चेंडू चुकीचा फेकला गेला. प्रतिस्पर्ध्यांना धावांची वाट मिळाली आणि संघ हरून बाहेर पडला. एकोणीस मोसमांच्या निष्ठेची अखेर त्या फेकीवर झाली. तरी प्रेक्षक त्याच्यासाठी उभे राहिले. हिशेब त्यांनी एका फेकीचा धरला नाही.

आणि या घरातलं शेंडेफळ, अ‍ॅशले बार्टी. लाहोरचा तो अंतिम सामना झाल्यावर सव्वा महिन्याने, २४ एप्रिल १९९६ ला ती ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या इप्स्विचला जन्मली. पंधराव्या वर्षी तिने मुलींचं विम्बल्डन जिंकलं. मग १८ व्या वर्षी टेनिसच सोडलं. सततचा प्रवास आणि घरापासूनचा दुरावा तिला सोसेना. त्या काळात ती ब्रिस्बेन हीटकडून चक्क क्रिकेट खेळली. सचिन-फ्लेमिंगच्या तारखेला जन्मलेली मुलगी ती, बॅट हातात येणारच! परत टेनिसला आली ती हसत आली. २०१९ ला फ्रेंच ओपन, २०२१ ला विम्बल्डन. इव्हॉन गुलागाँग या आदिवासी ऑस्ट्रेलियन खेळाडूने पहिलं विम्बल्डन जिंकलं त्याला त्या वर्षी ५० वर्षं होत होती. बार्टीही आपलं मूळ आदिवासी समाजात सांगते. गुलागाँगच्या १९७१ च्या पोशाखाची आठवण म्हणून तिने त्याच घाटाचा पोशाख शिवून घेतला होता. २०२२ ला तिने ऑस्ट्रेलियन ओपन एकही सेट न गमावता जिंकली. मायदेशाच्या मुलीने ती जिंकायला ४४ वर्षं लागली होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जगात पहिल्या क्रमांकावर असताना, २५ व्या वर्षी ती थांबली.

थांबली, आणि किती लोक हळहळले. मीसुद्धा. सचिन पंचविसाव्या वाढदिवशी शारजात होता, अजून साडेपंधरा वर्षांचा खेळ त्याच्या पुढ्यात होता. बार्टीचा पंचविसावा वाढदिवस उलटला आणि पुढचा यायच्या आत तिने रॅकेट खाली ठेवली. पण विचार करत गेलो तशी हळहळ ओसरली. या सगळ्या भावंडांना जगात यायची तारीख एकच मिळाली, ती त्यांनी निवडलेली नव्हती. थांबायची तारीख मात्र ज्याने-त्याने आपल्या जिवाला विचारून ठरवली. ज्याचं मन चोवीस वर्षं भरलं नाही तो चोवीस वर्षं खेळला. जिचं भरलं ती निघाली. दोघांनीही खेळाला फसवलं नाही. आई ओवाळताना आयुष्य मागते, त्यात लांबीबरोबर हेही मागत असावी, की जेवढं मिळेल तेवढं याचं स्वतःचं असू दे.

सचिन १५ नोव्हेंबर १९८९ ला कराचीत पहिल्यांदा भारताकडून उतरला आणि १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर थांबला. २४ वर्षं आणि एक दिवस. दोनशेवी कसोटी मुंबईत व्हावी, ही विनंती त्याने स्वतः केली होती. त्याचं कारण मला त्याच्या सगळ्या शतकांहून मोठं वाटतं. आई रजनी तेंडुलकर यांनी मुलाला मैदानावर खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत नाही. त्या कसोटीत त्या चाकाच्या खुर्चीतून आल्या. मुलगा ७४ धावा काढून बाद झाला. शेवटच्या दिवशी तो एकटा खेळपट्टीपाशी गेला, वाकला, तिला हात लावून नमस्कार केला आणि परत फिरला.

२४ एप्रिल १९७३ ला जिने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तिने त्याला मैदानावर पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या शेवटच्या सामन्यात.