टाकीत आधी काय होते?



राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. (कृषी) होऊन शेतीखात्यात लागलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. या तीस वर्षांत मी शेतकऱ्यांना पुष्कळ सांगितले. पण आज सांगणार आहे ती हकीकत सांगायचे राहून गेलेल्या एका गोष्टीची आहे. रुळाची हकीकत म्हणा हवे तर.

२०११ सालच्या रब्बीतली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यात माझ्याकडे काही गावे होती. त्यांतल्या एका गावात एक वडीलधारे शेतकरी होते, त्यांना मी अण्णा म्हणत असे. अण्णांनी बैलजोडी मोडून ट्रॅक्टर घेतला होता. नांगरट खोल झाली, पण काळ्या रानात ढेकळे उरली. बैल होते तेव्हा वर मैंद फिरायचा, ढेकळे फुटायची, रान बसायचे. बैल गेले तसा मैंदही गोठ्याच्या आढ्याला जाऊन बसला.

त्या साली अण्णांचा हरभरा विरळ उगवला. बियाणे खोटे निघाले, असे त्यांचे म्हणणे. आम्ही काकरी उकरून पाहिली. बी ढेकळांच्या पोकळीत कोरडेच पडले होते आणि दोन बोटे खाली चांगली ओल होती. बियाण्याचा काही दोष नव्हता. बी मातीला घट्ट लागले नाही तर खालची ओल त्याला पोचत नाही, एवढेच घडले होते.

मी म्हणालो, “अण्णा, ट्रॅक्टरमागे ओढायचा रूळ करा. विकतचा कशाला? भंगारात जाड पत्र्याची गोल टाकी बघा. आत पाणी भरले की वजन, सोडून दिले की हलका.” एका जुन्या अर्जाच्या पाठीमागे मी आकृती काढून दिली. लांबी लिहिली, व्यास लिहिला, आस किती जाड तेही लिहिले. साहेबांनी नकाशा दिला म्हणून अण्णा खूश आणि सल्ला दिला म्हणून मीही खूश.

अण्णांनी बंद पडलेल्या एका खडी केंद्रावरून टाकी आणली. मापात अगदी बरोबर, पण ती डिझेलची होती. कित्येक वर्षे रिकामी पडलेली, तळाशी थेंब दिसत नव्हता, वासही फारसा नव्हता. तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये आसासाठी भोक पाडायला वेल्डरने गॅस कटर लावला आणि टाकी फुटली. एका बाजूचे झाकण उडून समोरच्या भिंतीवर आदळले. वेल्डरचा हात कोपरापर्यंत भाजला, आणि एका कानाने त्याला आजही कमी ऐकू येते. अण्णांचा नातू त्या टाकीवर पाय सोडून बसला होता. आजीने भाकरी खायला हाक मारली म्हणून तो उतरून गेला, त्याला पाच मिनिटेही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या घरी गेलो. अण्णा गप्प होते. काकू चुलीपुढून उठल्या नाहीत, तिथूनच म्हणाल्या, “साहेब, रॉकेलच्या डब्यात दाणे भरायचे तर आम्ही तो तीनदा सोड्यानं धुतो, उन्हात टाकतो, तरी वास जात न्हाई. तुमच्या कागदावर समदं हुतं. टाकीत आधी काय हुतं ते इचारा, एवढंच न्हवतं.”

मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही.

म्हणून बंधूंनो, रूळ कसा करायचा हे सांगण्याआधी मी आता टाकीचे सांगतो. तेलाची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत तेलाची वाफ आणि हवा मिसळलेली असते. दिसत नाही, वास येत नाही, म्हणून ती नाही असे नव्हे. पत्र्याच्या सांध्यांत मुरलेले तेल कटरच्या आचेने पुन्हा वाफ होऊन बाहेर येते. एकदा पाण्याने विसळून भागत नाही. तेव्हा पहिल्यापासून पाण्यासाठीच वापरलेली टाकी घ्या. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, डांबर, औषधे यांची टाकी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. गॅसच्या सिलिंडरचे तर नावही काढू नका. आणि पाण्याची टाकी असली तरी जाळ लावण्यापूर्वी तिची सगळी बुचे उघडी ठेवा, कारण बंद टाकीतली हवा तापली की तीही फुगते.

पुढच्या वर्षी अण्णांनी पाण्याची जुनी टाकी शोधली. पाच फूट लांब, दोन फूट व्यास, पत्रा पाच मिलिमीटर. भाजलेला हात बरा झाल्यावर त्याच वेल्डरने काम केले. मी दिवसभर तिथेच बसलो होतो.

त्या रुळाचा हिशेब असा. टाकीत सुमारे सव्वाचारशे लिटर पाणी मावते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी, आस आणि चौकट मिळून अडीचशे किलोच्या आसपास. म्हणजे रिकामा रूळ अडीचशे किलो आणि पूर्ण भरला की पावणेसातशेच्या घरात. दोनशे लिटरचे साधे पिंप या कामाचे नाही, त्याचा पत्रा पातळ असतो आणि दगडावर चेपतो.

आस दोन तुकड्यांत करू नका. टाकीच्या आरपार एकच दांडा घाला आणि दोन्ही तोंडांना वेल्ड करा, म्हणजे रूळ वाकडा फिरत नाही. दोन्ही टोकांना बेअरिंग बसवा आणि ग्रीस द्यायला विसरू नका. एका तोंडाला पाणी भरायचे बूच ठेवा. मागच्या बाजूला लोखंडी पट्टी लावा, ती चिकटलेली माती खरवडते. ओढदांडी एवढी लांब ठेवा, की वळताना ट्रॅक्टरचे चाक चौकटीला लागणार नाही. हंगाम संपला की पाणी काढून टाका, नाहीतर आतून गंज चढतो.

आता वापराचे. काळ्या रानात रूळ फिरवायचा तो वाफशावरच. मूठभर माती दाबून पाहा. हाताला चिकटली किंवा पायाला गोळे आले तर रूळ बांधावर राहू द्या. ओल्या रानात फिरवला तर जमीन दबते आणि मुळांना वाट मिळत नाही. पेरणीनंतर आभाळ भरून आले असेल तरीही थांबा, कारण दाबलेल्या मातीवर पाऊस पडला की खपली धरते आणि कोंब वर येत नाही. उताराच्या रानात रूळ उताराला आडवाच चालवा. अण्णा हरभरा पेरल्यावर रिकामाच रूळ एकदा फिरवतात. पहिल्या वर्षी त्यांनी मुद्दाम एक पट्टा तसाच सोडला होता. रूळ फिरलेल्या रानात हरभरा एकसारखा उगवला, सोडलेल्या पट्ट्यात तुटक. तुम्हीही आधी असाच एक पट्टा सोडून पाहा, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडणार नाही.

आणखी एक. रुळाला ब्रेक नसतो. उतारावर तो ट्रॅक्टरला मागून ढकलतो. खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरा, गाडी मोकळी सोडू नका. आणि चौकटीवर कोणालाही बसू देऊ नका, पोरांना तर मुळीच नाही. पुढे पडलेले पोर ट्रॅक्टर थांबेपर्यंत रुळाखाली गेलेले असते.

अण्णा आता थकले आहेत. रूळ नातू चालवतो, टाकीवर बसलेला तोच. मागल्या हंगामात गेलो तेव्हा गावातला एक तरुण त्याच्याकडे रुळाचे माप घ्यायला आला होता. नातवाने टेप उचलण्याआधी विचारले, “टाकी बघितलीस का? तिच्यात आधी काय होतं?”

काकू ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नुसत्या हसल्या. चौदा वर्षांनी मला त्या घरात चहा गोड लागला.