बरडावरची माती

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची, यास 2023 च्या एप्रिलात केंद्राची मंजुरी मिळाली आणि आमच्या वर्गातल्या पोरांची आकाशाविषयीची चौकशी एकाएकी वाढली. धनत्रयोदशीच्या सुमारास एकाने विचारले, "गुरुजी, सोनं मुळात आलं कुठून?"

मी मॅट्रिकवाला मास्तर. कादंबऱ्या लिहिणे निराळे! पण वाचले होते तेवढे सांगितले. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन आणि हेलियम, बाकी जवळजवळ काहीच नाही. पुढचे सारे ताऱ्यांच्या भट्टीत शिजले आणि ताऱ्यांच्या मरणात उधळले गेले. सोने तर मेलेल्या ताऱ्यांच्या टकरीतही घडते; तशी एक टक्कर अमेरिकेतल्या लायगोने 17 ऑगस्ट 2017 रोजी टिपली. खगोलशास्त्रज्ञ मोठे गमतीचे लोक. हेलियमपुढच्या प्रत्येक मूलद्रव्याला ते 'धातू' म्हणतात, प्राणवायूलासुद्धा!

आता दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची गावेच. गाव जितके वजनदार तितके ते धातूंनी श्रीमंत, आणि लहान गाव दरिद्री. लहानाची भट्टी मंद चालते हे खरे, पण तेवढेच नव्हे. तारे फुटले की वारा सुटतो, आणि लहान दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण दुबळे. घडलेला माल ती धरून ठेवू शकत नाही. आमच्या पोरांना हे फोडून सांगावे लागत नाही. उताराच्या बरडावरची माती मृगाचा एक पाऊस घेऊन जातो, आणि खालच्या काळ्या रानात हळद डोलते.

जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले चित्र 2022 च्या जुलैत आले. त्यात तेरा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश होता, चिमुकल्या दीर्घिकांचा. त्या प्रकाशाच्या पट्ट्यातल्या रेषांवरून प्राणवायू मोजला, तर एकीत तो सूर्याच्या मानाने शेकडा काही भागच निघाला. आजच्या तितक्याच वजनाच्या दीर्घिकांहूनही त्या काळच्या दीर्घिका गरीब असत. भट्ट्या पेटून फार दिवस झाले नव्हते ना!

बोलता बोलता माझी नजर मागच्या बाकांवर गेली. त्यांवर बसून शिकलेली किती पोरे पुण्याला गेली, हैदराबादला गेली! हुशार होती. त्यांना धरून ठेवील एवढे वजन या गावात नव्हते.

"गुरुजी, उडालेलं परत येतं का?" त्याच पोराने विचारले.

"काही येते. वायू निवला की खाली उतरतो. पण वजनदाराकडे अधिक."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दुधाळ्याचं यंत्र केवढं असंल?"

"दोन भुजा. एकेक चार किलोमीटरची."

"मग तिथं माणसं लागतील की!"