सात रुपयांची चिठ्ठी

गेल्या पाडव्यास आमच्या वडील वहिनींच्या हातीं घरच्या सामाईक निधीची चिठ्ठी पडली. ठेव चाळीस हजारांची. चिठ्ठीवर रुपये ७. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावजी, माझ्याच समजुतीचा घोटाळा असेल."

हा हिशेब नातवाच्या संगणकावर असतो. त्यास बोलावून आम्ही नको तितकें बोललों. तो म्हणाला, "आजोबा, रकमेला मी हातसुद्धां लावला नाहीं. नांव आणि रक्कम यांच्यामध्यें खातेक्रमांकाचा एक रकाना तेवढा वाढवला."

वहिनींचा खातेक्रमांक ७!

हें कोडें आम्हांस उलगडलें तें पाणिनीमुळें. 'इक्' म्हणजे इ, उ, ऋ, ऌ. 'यण्' म्हणजे य, व, र, ल. 'इ'च्या जागीं 'य', 'उ'च्या जागीं 'व', ही जोडी केवळ क्रमानें लागते. माहेश्वर सूत्रांत 'इ'नंतर एखादा नवा वर्ण घुसडला, तर नियमाचें एकही अक्षर न बदलतां 'उ'चा 'र' होऊन बसेल! संगणकाचेंही तसेंच. खात्याची रचना ज्या सामाईक भागांत, म्हणजे 'लायब्ररी'त ठरते, ती नवी झाली. चिठ्ठी छापणारा प्रोग्राम जुनाच राहिला. एकदां कंपाइल झाल्यावर प्रोग्राम रक्कम नांवानें शोधीत नाहीं. आरंभापासून ६४ बिटांवर जें असेल तें उचलतो. तेथें आतां खातेक्रमांक होता. लिहिलेला मजकूर दोहोंकडे निर्दोष. तक्रार करणार कोण?

दुसऱ्या दिवशीं त्यानें 'एबीआयडिफ' नांवाचें साधन चालवून दाखविलें. तें लायब्ररीच्या जुन्या व नव्या तयार फायली ताडून पाहतें. रकमेचें स्थान ६४ वरून १२८ बिटांवर गेलें होतें, खात्याचा आकार १२८ चा १९२ झाला होता. "हें आधींच चालविलें असतें तर" असें ओठांवर आलें, पण आम्ही जीभ आवरली.

"रकाना शेवटीं जोडला असता तर?"

"स्थानें टिकलीं असतीं. पण जुन्या प्रोग्रामानें स्वतः जागा राखली असेल, तर ती अपुरी पडते."

मोठ्यांनाही हा प्रसंग चुकलेला नाहीं. २०१५ सालीं 'जीसीसी ५'बरोबर सी प्लस प्लस भाषेंतील 'स्ट्रिंग'ची आंतररचना बदलावी लागली, तेव्हां त्या मंडळींनीं नवीस आंतून निराळें नांव देऊन जुनीलाही त्याच घरांत नांदूं दिलें.

नातवाची क्षमा मागण्याची रीत आमच्या पिढीस कोणीं शिकविली नाहीं. सायंकाळीं आम्हीच त्याचा चहा नेऊन दिला. नवी चिठ्ठी वहिनींनीं चष्मा लावून दोनदां वाचली. सात रुपयांची मात्र त्यांनीं परत दिली नाहीं. ती अद्याप त्यांच्या पोथींत आहे.